रेकॉर्ड रूम बांधायची तर आधी आराखड्याला पैसे कशाला?

‘अभिलेखागाराच्या वाढीव जागेच्या नियोजनासाठी निधी’ अशी बातमी आली की पारावर तिची थट्टा होते. इमारतीला नाही, नुसत्या नियोजनाला पैसे? कागद ठेवायला जागा नाही, म्हणून अजून कागद तयार करायचे? थट्टा अगदीच बिनबुडाची नाही. आराखडे करून ते कपाटात ठेवून द्यायची आपल्याकडची रीत जुनीच आहे. तरी हा खर्च नेमका कशाचा असतो आणि तो वाचवला तर काय होतं, हे विदर्भातल्या खेड्यातल्या माणसाने जरा बारकाईने पाहावं. त्याच्या जमिनीचा, जातीचा आणि जंगलावरच्या हक्काचा पुरावा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पडलेला असतो, तो म्हणजे तहसीलच्या नाहीतर कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये.

कागद कुठून कुठे जातो

सरकारी कामकाजात तयार झालेली नोंद म्हणजे अभिलेख. त्यात फेरफार आला, नकाशा आला, रजिस्टर आलं, आदेशाची फाईलही आली. गावात पटवाऱ्याकडे (आता त्याचं अधिकृत नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) चालू दप्तर असतं. जुनं झालेलं तहसीलच्या अभिलेख कक्षात जातं, त्यातलं काही पुढे जिल्ह्याला जातं. इतिहासाच्या दृष्टीने मोलाचं ठरलेलं राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे पोचतं. ह्या खात्याची मुळं १८२१ साली मुंबईत सुरू झालेल्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत आणि नागपुरातही त्याचं कार्यालय आहे. कायदा म्हणाल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. मनाला येईल तेव्हा गठ्ठे जाळता किंवा विकता येऊ नयेत, म्हणून तो केला आहे.

साहेबाच्या टेबलापासून गठ्ठा जितका दूर जातो, तितकी त्याची हेळसांड वाढते. चालू फाईलला वाली असतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या फाईलला दप्तरबंद नावाचा एखादा कर्मचारी असतो, आणि ते पदही बरेचदा रिकामंच असतं.

त्या गठ्ठ्यांत एवढं काय आहे

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा वाद शेवटी ह्याच प्रश्नावर येतो.

जातीपासून सुरुवात करू. जात पडताळणीला गेलेल्या प्रत्येक घराला काही तारखा तोंडपाठ असतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ह्या तारखांच्या आधीचा कागद दाखवावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टर मिळतं. गेलेच नसतील, आणि आपल्याकडे बहुतेकांचे आजोबा गेलेले नाहीत, तर मदार कोतवाल बुकावर येते. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं ह्याची कोतवालाने दिलेली ती नोंद, तिच्यात जात लिहिलेली असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा राज्यभरातल्या तहसिलींमध्ये वर्षानुवर्षं न सुटलेले गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

जंगलाचा मामला ह्याहून कठीण आहे. वन हक्क कायदा २००६ चा. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासीला त्याखाली दावा करायचा, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे १९३० सालापर्यंत मागे जायचं. तेव्हा महाराष्ट्र नव्हता, मध्यप्रांत व वऱ्हाड होता. त्या काळात गावोगावच्या बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवतानाची फाईल, तयार झाली. गावाने जळतण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, तळ्याचं पाणी कोणाचं, हे वाजिब-उल-अर्जमध्ये आणि पुढे निस्तार पत्रकात लिहिलं गेलं. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रामसभांना हे कागद शंभर साक्षीदारांपेक्षा जास्त कामी येतात. कितीतरी गावांत ह्या पत्रकाचं नावही कोणी ऐकलेलं नसतं, प्रत घरी असणं तर दूरच.

त्यात झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीत त्या नावाने लिहिलेली खुरट्या झुडपांची जमीन, आहेच. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधली झुडपी जंगलाची जमीन वनच असल्याचं सांगितलं. मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांना एक वाट ठेवली आणि त्यानंतरच्यांना वेगळा, कडक न्याय लावला. आता आपलं घर, आपली शाळा किंवा आपलं शेत त्या तारखेच्या कोणत्या बाजूला आहे, हे कोण सांगणार? वाटपाचा आदेश सांगेल. तो कुठे आहे? रेकॉर्ड रूममध्ये, सापडला तर.

ज्याच्याकडे पैसा आहे तो आपल्या कागदांच्या चार-चार नकला करून लॉकरमध्ये ठेवतो. ज्याच्याकडे नाही, त्याची एकच प्रत सरकारकडे असते. रेकॉर्ड रूमला वाळवी लागली की नुकसान कोणाचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आपले कागद विखुरलेही जास्त

पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने आपलं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाकडे होतं आणि नागपूरचं राज्य भोसल्यांकडे. पुढे दोन्ही इंग्रजांकडे गेले, पण जमिनीची पद्धत वेगवेगळी राहिली. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि त्यानंतर १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे कोणती जमीन कोणाची ह्याची नोंद, तयार झाला. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूरच. राज्यं बदलली तशा फाईलीही नागपूर, भोपाळ आणि मुंबई अशा वाटल्या गेल्या.

मग जिल्हे फुटले. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली निघाला, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया. जिल्हा नवा झाला तरी त्याचा भूतकाळ जुन्याच जिल्ह्यात घडलेला असतो. गडचिरोलीच्या गावाचा १९७० चा महसुली कागद शोधताना चंद्रपूरची पायरी चढावी लागली तर नवल नाही. त्यात हिंदी, मोडी, मराठी आणि मधूनच उर्दू. कोणता गठ्ठा कुठे आहे ह्याची पक्की यादी नसेल, तर नवी इमारत बांधूनही कागद सापडायचा नाही.

मग सरळ बांधकामालाच पैसे का देत नाहीत

सरकारी बांधकामाचा एक क्रम ठरलेला आहे. आधी गरज ठरते, मग अंदाजपत्रक. त्यावर प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे ‘हे काम करायचं आणि एवढ्या रकमेत’ असा होकार. पुढे बांधकाम विभागाचे अभियंते नकाशे आणि दर तपासून तांत्रिक मान्यता देतात. निविदा त्यानंतर. ह्या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा असावा लागतो: किती कागद, किती जागा, किती वर्षांसाठी. नियोजनाचा निधी हा आकडा काढायला असतो.

साध्या इमारतीसाठी एवढं करावं लागत नाही. तहसील कार्यालय किंवा अंगणवाडीचे ठरीव नकाशे असतात. कागदांच्या खोलीला ठरीव नकाशा चालत नाही. प्रत्येक ठिकाणचा साठा वेगळा, त्याची अवस्था वेगळी, दरसाल येणारी भर वेगळी. अंदाजाने आकडा टाकून इमारत उभी केली तर दोनपैकी एक नक्की होतं. पाच वर्षांत ती भरते आणि गठ्ठे पुन्हा जिन्याखाली येतात, किंवा अर्धी रिकामी राहते आणि त्या अर्ध्या भागात दुसऱ्याच खात्याचं कार्यालय थाटतं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण एकदा बसलेलं खातं उठत नाही.

‘चार रॅक आणा, झालं!’

नाही होत, आणि त्याचं पहिलं कारण आहे वजन. साध्या ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रीम सुमारे अडीच किलोचं असतं आणि जाडी पाच सेंटिमीटर. म्हणजे रॅकच्या एका मीटर फळीवर दहा हजार पानं बसतात आणि फळीवर पन्नास किलो भार पडतो. अभिलेखागाराचा हिशेब चौरस फुटांत करत नाहीत, फळीच्या मीटरमध्ये करतात, तो ह्याच कारणाने. समजा एखाद्या कचेरीत २,००० मीटर फळी भरेल एवढा साठा आहे. त्याचं वजन शंभर टन झालं.

राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात. पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला भारतीय मानक ६०० किलोंपासून पुढे धरायला सांगतं. रुळांवर सरकणारे, एकमेकांना चिकटणारे कॉम्पॅक्टर रॅक बसवले तर कमी जागेत बराच जास्त माल मावतो, पण स्लॅबला त्याहूनही जास्त ताकद लागते. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये कोणी असे रॅक बसवायला निघालं, तर आधी अभियंत्याला विचारा. हे विचारणं म्हणजेच नियोजन, आणि त्याचे पैसे लागतात.

दुसरं कारण आगीचं. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फाईली गेल्या. राज्याच्या सगळ्यात महत्त्वाच्या इमारतीची ही गत. अमेरिकेतलं एक उदाहरण ह्या विषयातली माणसं नेहमी देतात. सेंट लुईस शहरात सैनिकांच्या सेवापुस्तिकांसाठी १९५० च्या दशकात मोठी इमारत बांधली. पाण्याने कागद भिजतील ह्या भीतीने तिथे आग विझवणारे फवारे बसवलेच नाहीत. १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फाईली जळाल्या. सेवेचा पुरावा सरकारकडेच उरला नाही. पुढे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांचे हक्क ठरवायला इकडून तिकडून दुसरे कागद गोळा करून नोंदी नव्याने उभ्या कराव्या लागल्या, आणि ते काम अनेक वर्षं चाललं. ती चूक बांधकामाची नव्हती, नकाशावर बसून घेतलेल्या निर्णयाची होती. भिजलेला कागद वाळवता येतो, जळालेल्याचं काही करता येत नाही.

मग पाणी आणि हवा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पूररेषेच्या आत किंवा तळघरात रेकॉर्ड रूम नको, हे सांगायला तज्ज्ञ नको, पण जागा निवडताना ते कागदावर यावं लागतं. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, त्यात कागद कडक होऊन कडा तुटतात. श्रावणात तोच कागद ओल शोषून फुगतो. हे दरवर्षीचं आकसणं-फुगणं कागदाला सगळ्यात जास्त छळतं. म्हणून दिवसा चालणारा आणि कचेरी सुटल्यावर बंद होणारा एसी कागदाला मदतीपेक्षा तापच जास्त देतो. त्यापेक्षा जाड भिंती, पश्चिमेला खिडकी नाही, छतावर दुसरं छत आणि हवा खेळती, हे विजेच्या बिलाविना काम करतं. पण ते नकाशातच असावं लागतं. भिंत एकदा उभी राहिली की तिची जाडी वाढवता येत नाही.

‘स्कॅन करून टाका आणि मोकळे व्हा’

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच, आणि त्यात तथ्य आहे. राज्यात जुने महसुली कागद स्कॅन करण्याचं काम झालं आहे, ऑनलाइन सातबारा तर आता सवयीचा झाला. नकलेसाठी तहसिलीच्या चकरा त्यामुळे कमी झाल्या. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाणच २०० किलोमीटरच्या आसपास आहे, त्याला घरबसल्या प्रत मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. स्कॅनिंग व्हायलाच हवं.

पण स्कॅनने मूळ कागदाची जागा भरत नाही. जात पडताळणीत संशय आला की दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहायला जातं. शाई एकच आहे का, खाडाखोड कुठे आहे, दोन नोंदींच्या मध्ये नंतर ओळ घुसवली का, हे मूळ पानावर दिसतं, स्कॅनमध्ये नीट दिसत नाही. कोर्टातही तसंच. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर ज्याचं दिसतं त्याचंच आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ९० होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ९२ आहे. त्यातला ‘योग्य ताब्यातून’ हा भाग महत्त्वाचा. कागद कोणाच्या ताब्यात, कुठे, कसा ठेवला होता ह्यावर त्याचं वजन ठरतं. बेवारस जिन्याखाली, ज्याला त्याला हात लावता येईल अशा गठ्ठ्यातून निघालेल्या पानावर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

शिवाय स्कॅन करायलाही आधी गठ्ठे सोडवावे लागतात, पानं झटकावी लागतात, क्रम लावावा लागतो, आणि तेवढा वेळ ते कुठेतरी नीट ठेवावे लागतात. घाईत स्कॅन केलेली अर्धवट, तिरकी, चुकीच्या गावाच्या नावाखाली चढवलेली पानं शोधून पाहा, म्हणजे कळेल.

‘मग जुनी रद्दी विकून टाका’

हा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त पटतो, फक्त ‘रद्दी’ कोणती ते ठरवल्यावर. शेतकरी सुगीला सगळं एका ढिगात ठेवत नाही. बियाण्याचं वेगळं काढतो, वर्षाच्या खायचं वेगळं, विकायचं वेगळं, आणि भुसा घरात आणतच नाही. सरकारी कागदांचीही अशीच वर्गवारी ठरलेली आहे. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षं, ‘क’ वर्गातले पाच किंवा दहा वर्षं, आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभराने नष्ट करायचे. प्रत्येक टेबलावर सहा गठ्ठे पद्धती, म्हणजे कामाच्या टप्प्याप्रमाणे फाईली सहा गठ्ठ्यांत लावायची रीत, पाळली, तर हे आपोआप होत राहतं.

प्रत्यक्षात बियाणं आणि भुसा एकाच कोठीत असतात. रजेच्या अर्जांखाली बंदोबस्ताची मिसल आणि जुन्या परिपत्रकांच्या सायक्लोस्टाईल प्रतींमध्ये कोतवाल बुक. वर्गवारी करायला माणूस नाही, आणि चुकून ‘अ’चा कागद गेला तर नोकरीवर येईल म्हणून कोणी सहीच करत नाही. म्हणून काहीच टाकलं जात नाही आणि जागा संपते. माझं मत असं की नियोजनाच्या निधीतला मोठा वाटा वास्तुविशारदाच्या आधी ह्या कामाला जावा. जुने महसुली कागद वाचू शकणारे निवृत्त पटवारी आणि मोडी जाणणारे अजून आहेत, पण दहा वर्षांनी किती असतील? वर्गवारी आधी झाली तर कदाचित कळेल की मागितली तेवढी मोठी इमारत लागतच नाही. मग नियोजनाचा खर्च तिथेच वसूल झाला.

‘शाळा गळते, दवाखान्यात डॉक्टर नाही’

ह्याला चलाख उत्तर नाही. गळक्या शाळेपुढे कागदाच्या खोलीची बाजू मांडणं अवघड आहे आणि ती मांडणाऱ्याने थोडं लाजूनच मांडावी. एवढंच म्हणता येतं की शिष्यवृत्तीला, वसतिगृहाला, राखीव जागेवरच्या प्रवेशाला त्याच शाळेतल्या पोराला जो दाखला लागतो, तो ह्याच खोलीतून निघतो. आणि नियोजनाची रक्कम इमारतीच्या खर्चाच्या मानाने लहान असते. तिने शाळेचं छप्पर अडत नाही. मोठी इमारत मागायची वेळ येईल तेव्हा हा वाद जरूर व्हावा, आकडे समोर ठेवून.

‘आराखडा होईल आणि धूळ खात पडेल’

पडू शकतो. मार्चअखेर निधी खर्ची टाकायचा म्हणून घाईत केलेला आराखडा ओळखणं सोपं असतं. त्यात रंगीत दर्शनी चित्र असतं आणि साठ्याची मोजणी नसते. म्हणून आराखडा झाल्याचं कळलं की पहिली मागणी मोजणीच्या तक्त्याची करावी. किती मीटर फळी, त्यात ‘अ’ किती, दरसाल भर किती, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब कसा धरला. अग्निशमनाची काय सोय, जमीन पूररेषेच्या बाहेर आहे का, इमारत झाल्यावर तिथे माणसं किती नेमणार आणि वीजबिल कोणत्या तरतुदीतून भरणार, हेही विचारावं. माहिती अधिकारात हे मागता येतं. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूची आणि अनुक्रमणिका लावून ठेवावेत असं लिहिलं आहे. म्हणजे यादी मागणं हा काही उपकार मागणं नव्हे. ग्रामसभेचा ठराव करून मागितली तर अजून चांगलं.

मोजणी, मान्यता, निविदा आणि बांधकाम ह्यांत काही वर्षं सहज जातात. तोवर गठ्ठे आहेत त्याच खोलीत राहणार. त्यांना जमिनीपासून निदान पंधरा सेंटिमीटर वर उचलणं, भिंतीपासून हातभर सरकवणं, गळक्या जागेखालचे आधी हलवणं आणि प्रत्येक बस्त्यावर गावाचं नाव व साल लिहिलेली चिठ्ठी बांधणं, एवढ्याला ना आराखडा लागतो ना मान्यता. लागतात ती दोन माणसं, आठवडाभराचा वेळ आणि तहसीलदारांची एक तोंडी सूचना.